गोव्याच्या नाताळासाठी हिवाळी बिअर: निवडण्यापासून वाढण्यापर्यंत

डिसेंबरात बारमध्ये जाऊन उर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू, मागणारा माणूस बाहेरगावचा आहे, हे गोव्यात कोणीही ओळखतो. काजूची बोंडे पिकून भट्ट्या पेटल्या की मार्च ते मे एवढेच उर्राकाचे दिवस, आणि ते सरले की पुढच्या वर्षाची वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. पेयालाही ऋतू असतो ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेल्या या प्रदेशात बिअर मात्र बाराही महिने एकच प्यायली जाते: पिवळी, पातळ आणि दात शिवशिवतील इतकी थंड. वैशाखात ती ठीकच असते. परंतु नाताळाच्या आठवड्यात टेबलावर मुरलेले सोरपोतेल (डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट कालवण) आणि सान्नां (इडलीसारखा तांदळाचा वाफवलेला पदार्थ) असतात, बाजूला कुसवाराचे, म्हणजे नाताळाच्या फराळाचे, ताट झाकून ठेवलेले असते, आणि त्या जेवणापुढे ती बिअर निव्वळ पाणी वाटते. या ताटाला पेलेल अशी बिअर कोणती, ती दुकानात कशी पारखावी, घरी कशी ठेवावी आणि कशी वाढावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

युरोपात हिवाळी बिअर गरजेतून जन्माला आली. गारवा निर्माण करणारी यंत्रे नव्हती तेव्हा उन्हाळ्यात बिअर आंबवणे धोक्याचे असे, कारण उष्म्यात नको ते जंतू वाढून ती बिघडत असे. बव्हेरियात 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर बनवण्यास सरळ बंदीच घालण्यात आली होती. शरदात जव आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) यांचे नवे पीक हाती आलेले असे, हवा थंड होऊ लागे, आणि वर्षातली सर्वांत दमदार बिअर त्याच दिवसांत बनत असे. नॉर्वेच्या जुन्या गुलातिंग कायद्याने तर नाताळासाठी बिअर बनवणे शेतकऱ्यांना बंधनकारक केले होते आणि ती न बनवणाऱ्याला दंड सांगितला होता. म्हणजे ज्या पेयाची आपण चर्चा करत आहोत, ते बाहेर बर्फ पडत असताना शेकोटीजवळ बसून सावकाश घोट घेण्यासाठी घडलेले आहे.

आपल्याकडची अडचण इथूनच सुरू होते. पणजीत डिसेंबरच्या दुपारी पारा 32 अंशांवर असतो आणि पहाटे फार तर 20–21 अंशांपर्यंत उतरतो. वाळपई किंवा सांगे भागात थोडा अधिक गारवा जाणवतो, इतकेच. त्यामुळे हिवाळी बिअर गोव्यात प्यायची असेल तर तिचा हिवाळा आपल्यालाच करून द्यावा लागतो. बाटली गार ठेवणे, ती योग्य वेळी बाहेर काढणे, लहान प्याल्यात थोडीच ओतणे आणि शेजारी योग्य पदार्थ ठेवणे, एवढी ही व्यवस्था आहे. यातले काही चुकले की चांगली बिअर वाया जाते आणि दोष मात्र तिच्या माथी येतो.

काय मागावे

'हिवाळी बिअर' या नावाचा एकच ठरावीक प्रकार नाही. हे एक मोठे कुटुंब आहे, आणि त्यातली भावंडे एकमेकांसारखी दिसतही नाहीत. बहुतेकांना जोडणारा धागा मॉल्टचा आहे. नाचणीला मोड आणून, वाळवून आपण सत्त्व करतो, तसेच जवाला मोड आणून, वाळवून मॉल्ट तयार होते. ते किती भाजले यावर बिअरचा रंग आणि चव ठरते. हलके भाजले तर पावाच्या कडेसारखी चव येते, आणखी भाजले तर काकवी आणि सुका मेवा आठवतो, करपण्याच्या काठापर्यंत नेले तर कॉफी आणि कडू चॉकलेट. नेहमीच्या पिवळ्या बिअरमध्ये, म्हणजे लागरमध्ये, या मॉल्टचा आवाज दबलेला असतो, तर हिवाळी बिअरमध्ये तोच प्रमुख असतो.

पहिल्यांदा या वाटेला जाणाऱ्याने जर्मन पद्धतीच्या काळपट लागरपासून, म्हणजे दुंकेलपासून, सुरुवात करावी असे माझे मत आहे. तिचा रंग तपकिरी असला तरी ती जड नसते. साधारण 5 टक्के मद्यार्क, सौम्य कडवटपणा आणि भाजलेल्या पावाची चव, एवढाच तिचा बाज असतो. तिचीच थोरली बहीण म्हणजे डॉपेलबॉक. म्युनिकच्या पॉलानर मठातल्या साधूंनी उपवासाच्या काळात अंगात बळ राहावे म्हणून जी बिअर केली, तिच्यापासून हा प्रकार निघाला. त्या पहिल्या बिअरच्या 'साल्वातोर' या नावावरून आजही पुष्कळ डॉपेलबॉकच्या नावांचा शेवट 'आतोर' असा होतो, ही खूण लक्षात ठेवली तर लेबल वाचताना उपयोगी पडते. डॉपेलबॉक 7 ते 8 टक्क्यांची, गोडसर आणि भरीव असते, आणि गोव्याच्या नाताळी जेवणाशी तिच्याइतके कोणाचेच जमत नाही. ते का, हे पुढे येईलच.

पोर्टर आणि स्टाउट या काळ्या बिअरना बहुतेक जण नावाने ओळखतात. त्यातली इम्पीरियल स्टाउट ही अठराव्या शतकात इंग्लंडहून रशियाच्या दरबाराकडे जाणाऱ्या तगड्या स्टाउटची वारसदार. ती 9–10 टक्क्यांच्या पुढे सहज जाते. बेल्जियमच्या काळपट बिअरमध्ये अंजीर, मनुका आणि मसाल्याचा भास होतो, आणि गंमत म्हणजे पुष्कळदा त्यात मसाला घातलेलाच नसतो. तो वास यीस्टने आंबवताना तयार केलेला असतो. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये लवंग आणि केळे यांचा जो वास येतो, तोही असाच यीस्टचा. ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या मठात बनणाऱ्या 'शिमे'ची निळ्या लेबलाची 9 टक्क्यांची बिअर मुळात नाताळासाठी म्हणून निघाली होती आणि पुढे बाराही महिन्यांची झाली. ती कुठे दिसली तर एक बाटली जरूर घ्यावी. खरोखर दालचिनी, जायफळ, आले, संत्र्याची साल घालून केलेल्या नाताळी बिअरही असतात. त्यांच्याबाबतीत मी थोडा साशंक असतो, कारण मसाला जपून घातला तर बिअर खुलते आणि हात सैल सुटला तर खोकल्याच्या काढ्याची आठवण येते.

हिवाळी म्हणजे काळी आणि जबर, ही समजूतही पूर्ण खरी नाही. आपल्या दुकानांत हिरव्या बाटलीत दिसणाऱ्या टुबोर्गची डेन्मार्कमध्ये 1981 पासून नाताळाची वेगळी बिअर निघते. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री बरोबर 8 वाजून 59 मिनिटांनी ती बाजारात येते आणि त्या रात्री शहरभर उत्सव असतो. तिची ताकद 5.6 टक्के, रंग तांबूस, एवढेच. अमेरिकेतली सिएरा नेवाडा कंपनी 1981 पासूनच नाताळासाठी जी बिअर काढते, ती तर नव्या हंगामाच्या हॉप्सने भरलेली, आयपीए नावाच्या कडवट प्रकारातली आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कंपनीची नाताळी बिअर 1975 पासून दरवर्षी नव्या कृतीने बनत असे आणि लेबलावरचे झाडही दरवर्षी नवे असे. ती कंपनी 2023 साली बंद पडली.

गोव्यात काय मिळते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. येथे क्राफ्ट बिअर बनवणारे आता चांगले स्थिरावले आहेत. गोवा ब्रुइंग कंपनीची 'एट फिंगर एडी' आणि डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेच्या कारखान्यातली 'मका दी' ही नावे बारच्या फळ्यावर सहज दिसतात. परंतु किनाऱ्यावरचे गिऱ्हाईक हलकी बिअर मागते, त्यामुळे येथले बरेचसे उत्पादन लागर, गव्हाची बिअर आणि आयपीए या वळणाचे असते. म्हणून जेथे बिअर तेथेच बनवून नळातून देतात, अशा ठिकाणी नोव्हेंबरअखेरीस जाऊन 'या मोसमासाठी काही काळपट ठेवले आहे का' असे विचारावे. ऋतूपुरती केलेली बिअर एकाच पिंपाची असते आणि ती संपली की संपली. उरलेली कसर आयात बाटल्या भरून काढतात.

एक सावधगिरी येथेच सांगतो. बाटलीवर 'स्ट्राँग' लिहिलेली आपली नेहमीची बिअर म्हणजे हिवाळी बिअर नव्हे. तिच्यात मद्यार्क वाढवलेला असतो, मॉल्ट नव्हे. पुष्कळदा साखर किंवा तांदूळ यांच्या जोरावर ती चढवलेली असते, आणि म्हणून ती बर्फासारखी थंड असेपर्यंतच घशाखाली उतरते. प्याल्यात दहा मिनिटे ठेवून मग घोट घेऊन पाहावा. खरी हिवाळी बिअर त्या दहा मिनिटांत अधिक चांगली लागू लागते.

दुकानात

बिअर निवडताना लेबलावरच्या चित्राआधी तारीख पाहावी. बिअर व्यवसायात एक ढोबळ हिशेब सांगतात, आणि तो गोव्यासाठीच सांगितला असावा असे वाटते: 32 अंशांत 3 दिवस, 22 अंशांत 30 दिवस आणि 3 अंशांत 300 दिवस ठेवलेल्या बिअरचे जवळपास सारखेच नुकसान होते. म्हणजे पंखाही नसलेल्या दुकानाच्या फळीवर बाटलीने तीन दिवस काढले, तर शीतकपाटातले दहा महिने तिने एका फटक्यात खर्च केले. हॉप्सचा सुगंध आधी जातो, मग मॉल्टची चव बोथट होते, आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो.

हा वास मला चांगलाच परिचित आहे. काही वर्षांपूर्वी महामार्गालगतच्या एका दुकानात वरच्या फळीवर धूळ खात पडलेली आयात केलेली ओल्ड एल (इंग्लिश पद्धतीची मुरवलेली काळपट बिअर) दिसली. किंमत निम्म्यावर आणलेली होती. ती का निम्म्यावर आणली असेल हे विचारण्याऐवजी मी दोन बाटल्या घेतल्या आणि घरी आणून, 'ही मुरणारी बिअर आहे' अशा अर्धवट ज्ञानावर, मे महिन्यात स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवल्या. नाताळच्या पूर्वसंध्येला पाहुण्यांसमोर मोठ्या दिमाखात पहिली उघडली. फेस आला नाही. आला तो पावसाळ्यात भिजलेल्या खोक्याचा वास. दुसरी उघडण्याचे धाडस कोणी केले नाही.

तेव्हा बाटली दुकानाच्या फ्रिजमधली घ्यावी आणि काचेच्या दाराशी उजेडात उभी असलेली सोडून मागची घ्यावी. प्रकाश हा बिअरचा दुसरा शत्रू आहे. ऊन किंवा ट्यूबलाईट हॉप्समधल्या कडवट घटकांवर पडली की त्यातून उग्र, ओंगळ वास निर्माण होतो. तपकिरी काच त्याला बऱ्याच प्रमाणात अडवते, हिरवी आणि पांढरी काच जवळजवळ नाहीच. कॅनला ही भीती नसते, त्यामुळे इतर सर्व गोष्टी सारख्या असतील तर कॅन घ्यावा.

ताज्या आणि मुरणाऱ्या बिअरमधला फरकही येथेच ठरवावा लागतो. हॉप्सचा वास हेच जिचे भांडवल, ती बिअर महिन्या-दोन महिन्यांत संपवावी. नाताळाची म्हणून नवीन वर्षाच्या पुढे रेंगाळू देऊ नये. दुंकेल, पोर्टर यांना काही महिने चालतात. आणि 9–10 टक्क्यांच्या वरच्या इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन (जवाचीच, पण वाइनइतकी जबर बिअर), बेल्जियन काळपट बिअर नीट गार ठेवल्या तर वर्ष-दोन वर्षांत अधिक गोल होतात. सामिक्लाउस नावाची 14 टक्क्यांची बिअर दरवर्षी 6 डिसेंबरला, सेंट निकोलसच्या दिवशी, बनवतात आणि सुमारे दहा महिने मुरवून मग बाटलीत भरतात, म्हणजे यंदाच्या नाताळाला मिळते ती गेल्या नाताळाची असते. 1979 साली झुरिकमध्ये सुरू झालेली ही बिअर आता ऑस्ट्रियात बनते. मुरवणे म्हणजे काय याचे याहून चांगले उदाहरण नाही, परंतु ते मुरणे थंड तळघरातले आहे, आपल्या माळ्यावरचे नव्हे, हे मी किंमत देऊन शिकलो आहे.

घरी आणल्यावर

बाटल्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उभ्या ठेवाव्यात. आडव्या ठेवल्यास तळाचा गाळ बाजूला पसरतो आणि ओतताना प्याल्यात येतो. दारातल्या खणात ठेवू नयेत, कारण दार दिवसातून पन्नास वेळा उघडते. घाईच्या वेळी फ्रीझरमध्ये टाकण्याचा मोह होतो. अशी टाकलेली आणि मग विसरलेली बाटली फुटल्यावर होणारी साफसफाई नाताळाच्या सकाळी कोणाला नको असते. बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत ती पंधरा-वीस मिनिटांत गार होते.

आता तापमानाचा मुद्दा, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. परदेशी पुस्तकांत 'ही बिअर खोलीच्या तापमानाला प्यावी' असे लिहिलेले असते. ती खोली दगडी भिंतींची आणि 13–14 अंशांची असते. आपली खोली डिसेंबरातही 27–28 अंशांची. तेथला सल्ला येथे शब्दशः पाळला तर बार्लीवाइन कोमट औषधासारखी लागते आणि मद्यार्काचा भपका नाकात जातो. उलट, थेट फ्रिजमधून 4 अंशांवर ओतली तर थंडीने जीभ बधिर होते आणि ज्या चवीसाठी पैसे मोजले तीच कळत नाही. दुंकेल आणि गव्हाची बिअर 7–8 अंशांवर, पोर्टर आणि डॉपेलबॉक 9–10 अंशांवर आणि सर्वांत जबर बिअर 12–13 अंशांवर वाढावी. थर्मामीटरची गरज नाही. 330 मिलीची बाटली फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवली की आपल्या हवेत साधारण वीस मिनिटांत ती 10 अंशांच्या आसपास पोहोचते. बाटलीवर बाहेरून धरलेले दव ओघळून खाली बशीत थोडे पाणी साचले की उघडण्याची वेळ झाली, असे मी समजतो. प्याल्यात ओतल्यावर ती झपाट्याने तापते, म्हणून एका वेळी थोडीच ओतावी आणि उरलेली बाटली पुन्हा फ्रिजमध्ये ठेवावी.

प्याला फुगीर पोटाचा आणि तोंडाशी निमुळता असावा. बहुतेक घरांत ब्रँडीचे जुने प्याले कपाटात पडून असतात, ते उत्तम. प्याला फ्रीझरमध्ये ठेवून त्यावर बर्फाचा थर आणू नये. तो आदल्या दिवशी धुऊन उलटा वाळवावा, फडक्याने पुसू नये, कारण साबणाचा किंवा तेलाचा जरासा अंश राहिला तरी फेस बसतो. प्याला तिरपा धरून अर्धा भरावा, मग सरळ करून मध्यभागी ओतावे, म्हणजे वर दोन बोटे फेस येतो. वास त्या फेसातून येतो, तेव्हा त्याला वाया गेलेली जागा समजू नये. तळाला गाळ असेल तर शेवटचा घोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा.

किती ओतावे याचे गणित साधे आहे, परंतु ते बहुतेक जण करत नाहीत. 330 मिली बाटली 10 टक्क्यांची असेल तर तिच्यात 33 मिली शुद्ध मद्यार्क असतो. 650 मिलीच्या 5 टक्क्यांच्या मोठ्या बाटलीत तो 32.5 मिली असतो. म्हणजे ती लहानशी काळी बाटली पिणाऱ्याने एक मोठी बाटली प्यायलेलीच असते, फक्त पोट भरल्याची जाणीव त्याला झालेली नसते. म्हणून 9–10 टक्क्यांची एक बाटली तिघांत वाटावी. चार प्रकार चाखायचे असतील तर हलक्यापासून जबरकडे आणि कमी गोडाकडून अधिक गोडाकडे जावे. क्रम उलटा केला तर दुंकेलची पाळी येईपर्यंत जीभ थकलेली असते.

जेवणाशेजारी

नाताळाचे गोव्यातले जेवण हे बिअरसाठी सोपे नाही, आणि म्हणूनच हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. सोरपोतेल घ्या. डुकराचे मांस आणि काळीज बारीक चिरून, तळून, मसाल्यात आणि माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये शिजवलेले असते, आणि ते नाताळाच्या दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम करत मुरवलेले असते. त्यात चरबी आहे, आंबटपणा आहे आणि तिखट तर आहेच. येथे आयपीए घेणारा फसतो, कारण हॉप्सचा कडवटपणा आणि मिरचीचा जाळ एकमेकांना चेतवतात. फार जबर बिअरही नको, कारण मद्यार्क तिखटाला आणखी धार लावतो. करपलेल्या मॉल्टची स्टाउट घेतली तर तिचा आंबूस कडवटपणा व्हिनेगरशी भांडतो. उरते ती डॉपेलबॉक किंवा दुंकेल: तिचा गोडवा तिखटाला शांत करतो, फेसाचे बुडबुडे जिभेवरची चरबी धुऊन नेतात, आणि पावासारखी चव सान्नांशी किंवा पोळीशी आपसूक जुळते.

शाकुतीचे गणित वेगळे आहे. तिच्यात खोबरे आणि खसखस चांगली तांबूस होईपर्यंत भाजलेली असते, बाद्यान आणि जायफळ असते. भाजलेल्या खोबऱ्याला भाजलेले मॉल्ट ओळखते, म्हणून येथे पोर्टर शोभते. शाकुती कोंबडीची असो की भाज्यांची, हा नियम बदलत नाही. हिरव्या कोथिंबिरीच्या वाटणातल्या कोंबडीला, म्हणजे काफ्रेयालला, मात्र काळी बिअर देऊ नये. त्याला गव्हाची बिअर द्यावी. चोरिसाच्या (डुकराच्या मांसाच्या मसालेदार गोवेकरी सॉसेजच्या) पावाबरोबर काहीही चालते असे म्हणतात आणि ते जवळपास खरे आहे, तरी धुराचा वास असलेल्या चोरिसाशी पोर्टर अधिक मेळ खाते.

गोडाच्या बाबतीत एकच कसोटी आहे: बिअर पदार्थापेक्षा फार कमी गोड असेल तर ती कडू आणि पांचट लागते. बेबिंकेचा प्रत्येक थर वरून आच देऊन तांबूस केलेला असतो, त्यात अंड्याचा बलक, नारळाचे दूध, तूप आणि जायफळ असते; तिच्यापुढे उभी राहील अशी बिअर म्हणजे बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउट, आणि तीही 50–60 मिली, म्हणजे पेगाएवढीच. नेवऱ्यांतले खोबरे आणि वेलची यांच्याशी गव्हाच्या काळपट बिअरमधला लवंगेचा भास छान बसतो. रमात भिजवलेल्या मेव्याच्या केकला बेल्जियन काळपट बिअर द्यावी. बोलिन्ह आणि कलकल यांना बिअरची गरज नाही. ते चहाचे सोबती आहेत.

दोदोलचे उत्तर मला पुस्तकातून नव्हे, शेजारच्या अंगणात मिळाले. शेजारच्या आंटींकडे डिसेंबरच्या मध्याला मोठी कढई चुलीवर चढते. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ दोन-तीन तास सतत ढवळावा लागतो, आणि हात बदलायला आम्हाला बोलावतात. एका वर्षी ढवळण्याची पाळी झाल्यावर मी घरून पोर्टर आणून ओट्यावर ठेवली. त्यांनी प्याला उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ही बियर काय काफी?" मग कढईच्या कडेला सुटलेला दोदोलचा तुकडा उलथन्याने काढून केळीच्या पानावर दिला. गरम गुळाचा तो करपट-गोड, तुपकट तुकडा आणि मागून थंडसर पोर्टरचा घोट, यांत गुळाची चव कुठे संपते आणि मॉल्टची कुठे सुरू होते हे सांगता येईना. आंटींनी दुसरा घोट घेतला, तेवढ्यात कढई तळाला लागू लागली आणि आम्ही दोघांनीही बोलणी खाल्ली.

गरम बिअर

युरोपात नाताळाला मसाला घालून गरम केलेली बिअरही पितात. गोव्यात हे हास्यास्पद वाटेल, परंतु चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (प्रार्थनेनंतर) दव पडत असताना अंगणात खुर्च्या टाकून बसलेल्या मंडळींना मी ती दिलेली आहे आणि भांडे रिकामे परत गेले आहे. चार जणांसाठी 330 मिलीच्या दोन दुंकेल किंवा तपकिरी एल पुरतात. कडवट बिअर चुकूनही घेऊ नये, कारण गरम केल्यावर तिचा कडवटपणा असह्य होतो.

आधी 100 मिली पाण्यात 50 ग्रॅम माडाचा गूळ, चार लवंगा, बोटभर दालचिनी, आल्याच्या दोन चकत्या आणि एका संत्र्याची फक्त वरची पिवळी साल घालून मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे. सालीखालचा पांढरा भाग आला तर पेय कडू होते. हा पाक गाळून मोठ्या भांड्यात घ्यावा आणि थोडा निवल्यावर त्यात बिअर बारीक धारेने ओतावी. एकदम ओतली तर फेस भांड्याबाहेर येतो, म्हणून भांडे दुप्पट मोठे घ्यावे. मग पुन्हा मंद आच द्यावी. वाफ दिसू लागली, पण बुडबुडा आला नाही, म्हणजे 60–65 अंश झाले. तेथेच आच बंद करावी. मद्यार्क 78 अंशांना उकळतो, त्यामुळे उकळी फुटू दिली तर तो उडतो आणि मागे काढा राहतो. वरून चिमूटभर जायफळ किसून चहाच्या लहान ग्लासांत द्यावे. गूळ आधी कमी घालून चव पाहणे केव्हाही बरे, कारण बिअर स्वतःही गोड असते.

बैठक कोठे मांडायची हेही आधी ठरवावे. गोव्याच्या किनाऱ्यांवर उघड्यावर मद्यपानाला 2019 पासून कायद्याने बंदी आहे, तेव्हा टोपली घेऊन वाळूत बसण्याचा बेत करू नये. गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्काची आहे, आणि वरचे गणित पाहता 10 टक्क्यांच्या एका बाटलीने बहुतेक जण ती ओलांडतात. पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी आवडलेली बाटली गाडीत घालून निघण्यापूर्वी राज्याबाहेर मद्य नेण्याचा परवाना काढावा, कारण सीमेवरच्या तपासणीत 'एकच बाटली आहे' हे उत्तर चालत नाही. जे पीत नाहीत त्यांच्यासाठी वरचाच मसाल्याचा पाक कोकमाच्या आगळात घालून वेगळा ठेवावा. तो लवकर संपतो असा अनुभव आहे.

जबर बिअरच्या दोन बाटल्या घेतल्या असतील तर एकच उघडावी. दुसरीवर कागदी पट्टी चिकटवून खरेदीची तारीख लिहावी, आणि पहिली कशी लागली ते दोन शब्दांत त्याच पट्टीवर टिपून ठेवावे. माझ्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, लोणच्याच्या बरणीमागे, अशी एक इम्पीरियल स्टाउट सध्या उभी आहे. पट्टीवर लिहिले आहे, 'मद्यार्क नाकात जातो, बेबिंकेशी बरी, एक वर्ष थांबणे'.